रात्रीपुरती जागा

पोहरादेवीला मी गेलो तो २००३ सालच्या रामनवमीला, एका जुन्या वर्गमित्राच्या आग्रहावरून. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातले हे गाव एरवी लहानच; पण सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचे मंदिर यांमुळे बंजारा समाज त्याला आपली काशी मानतो, आणि रामनवमीच्या सुमारास विदर्भ-मराठवाड्यातूनच नव्हे, तर कर्नाटक-आंध्राकडूनही माणसे इथे लोटतात. ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. उन्हाने पांढऱ्या पडलेल्या माळावर जिथवर नजर जाईल तिथवर चुली. खाली उतरल्यावर, सवयीने, मी मित्राच्या आईला पहिला प्रश्न विचारला : "मावशी, रात्री राहायची सोय कुठे आहे?"

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग पाठीवरच्या माझ्या फुगलेल्या पिशवीकडे. "एवढं मोठं रान पडलं आहे न बाप्पा," त्या म्हणाल्या. "आणखी सोय कायले पाह्यजे?"

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार मी बरीच वर्षे शिकवला. लेखकाची दृष्टी, निसर्गचित्रण, व्यक्तिदर्शन, शैली या ठरलेल्या पायऱ्यांनी. परंतु प्रवासी रात्री कुठे झोपला, आणि त्याला तिथे कुणी, कशाच्या भरवशावर झोपू दिले, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांना कधी विचारला नाही. मावशींच्या उत्तराने तो मला पडला. आणि तो पडताच त्याआधीची एक रात्र आठवली, जी आठवायची मी शिताफीने टाळत आलो होतो. तिच्याकडे येण्यापूर्वी थोडे वळण घ्यावे लागेल.

१९८६ साली माझ्या खिशात यूथ हॉस्टेलचे सभासदपत्र होते. त्या पत्राचा मला केवढा अभिमान! औरंगाबादेत (आताच्या छत्रपती संभाजीनगरात) स्टेशन रस्त्यावरच्या यूथ हॉस्टेलमध्ये ते दाखवले की अल्प पैशांत एक पलंग मिळे, शेजारच्या पलंगावर एखादा जर्मन किंवा ऑस्ट्रेलियन असे, आणि आपण जगाच्या कुठल्याशा मोठ्या बिरादरीत आहोत असे वाटे. या बिरादरीचा इतिहासही मी तेव्हा भक्तिभावाने वाचला होता. रिचर्ड शिरमान नावाचा जर्मन शाळामास्तर १९०९च्या ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन पायी सहलीला निघाला, वादळात सापडला, आणि त्यांना रात्र एका गावातल्या शाळेत काढावी लागली. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा चालत्या मुलांसाठी का उघडू नयेत, हा विचार त्या रात्रीचा. १९१२मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिले कायमचे वसतिस्थान उभे राहिले. तिथून ही कल्पना अमेरिकेत नेली ती इझाबेल आणि मन्रो स्मिथ या शिक्षक दांपत्याने. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थफील्ड या गावी १९३४ साली त्यांनी 'अमेरिकन यूथ हॉस्टेल्स'ची स्थापना केली. शेतकऱ्यांची कोठारे, माळे, रिकाम्या खोल्या. रात्रीचे पंचवीस सेंट. यायचे ते पायी किंवा सायकलवर, मोटारीने नाही. सकाळी निघण्यापूर्वी झाडलोट, भांडी. महामंदीने पिचलेल्या त्या देशात रूझवेल्ट पतिपत्नींनाही ही चळवळ आपलीशी वाटली. तरुणांनी कमी पैशांत हिंडावे, स्वतःचे ओझे स्वतः वाहावे, अनोळखी माणसांत राहावे, यातून चारित्र्य घडते, असा तिचा विश्वास होता.

या विश्वासाबद्दल मला आजही आदर आहे. पण त्याच दशकात, त्याच अमेरिकेत, पाठीवर बोचके घेऊन हिंडणारे आणखी लाखो लोक होते आणि त्यांच्या चारित्र्याविषयी सरकारचे मत निराळे होते. दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी उठवलेली कुटुंबे कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागली, तेव्हा १९३६च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखाने आपली माणसे थेट राज्याच्या सीमेवर पाठवली आणि ज्यांच्याजवळ पैसे नाहीत त्यांना माघारी फिरवायला सुरुवात केली. स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' ही कादंबरी अभ्यासक्रमात वाचलेल्यांना ती वाट ठाऊक आहे. कंगालांना राज्यात आणणे हा गुन्हा ठरवणारा कॅलिफोर्नियाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो १९४१ साली. आणि त्याच १९३६मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या व्हिक्टर ग्रीन या टपालवाटप्याने एक लहानशी पुस्तिका काढली : काळ्या प्रवाशाने कोणत्या गावी कुठे उतरावे, कुठे जेवावे, पेट्रोल कुठे घ्यावे, याची. ज्यांचे पैसे चोख होते, मोटारही स्वतःची होती, त्यांनाही दार उघडेल याची खात्री नव्हती. १९६४च्या नागरी हक्क कायद्याने ती दारे कायद्यापुरती उघडली, आणि दोन-तीन वर्षांत पुस्तिका बंद पडली. बंद पडण्यासाठीच निघालेले असे प्रकाशन विरळाच.

तेव्हा स्वस्त मुक्काम हा केवळ पैशांचा व्यवहार नसतो. जिथे पैसे कमी मोजायचे तिथे दुसरे काहीतरी मोजून घेतले जाते. यूथ हॉस्टेलात ते सभासदपत्र असते. आपल्याकडे ते काय असते, हे सांगायला मला फार लांब जायला नको.

'माझा प्रवास' आपण १८५७च्या उठावाचा साक्षीदार ग्रंथ म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण वरसईचे विष्णुभट गोडसे हे त्याआधी एक कर्जबाजारी, कमी पैशांत दूरवर निघालेले प्रवासी आहेत. मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने ते काकांबरोबर घर सोडतात. चि. वि. वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या या पुस्तकात लढाया आहेत, लूट आहे, जिवावरचे प्रसंग आहेत; आणि तरीही परमुलखात भटजींना उतरायला जागा मिळते, पंक्तीला पान मिळते, कारण उत्तर हिंदुस्थानभर पसरलेली दक्षिणी ब्राह्मणांची घरे आहेत. त्यांचे सभासदपत्र खांद्यावर होते. हे मी भटजींना कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. त्या जाळ्याशिवाय तो प्रवास झाला नसता आणि मराठी गद्य एका अपूर्व पुस्तकाला मुकले असते. पण ते जाळे ज्याच्यापाशी नव्हते त्याने प्रवासवर्णन लिहिले नाही, एवढे तरी वर्गात बोलायला हवे होते.

ज्यांच्यापाशी ते नव्हते त्यांच्यासाठी काय होते? पंढरीच्या वारीत चालून आलेल्या महार वारकऱ्याला गावात पाठ टेकायलाही जागा नसे, म्हणून वऱ्हाडातल्याच गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले झाले ते साने गुरुजींच्या १९४७च्या उपोषणानंतर. धर्मशाळा त्याच्या कितीतरी आधीची. म्हणजे देवाच्या दारापूर्वी छपराची सोय बाबांनी करून ठेवली. १९४९ साली ती त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. नाशिक, आळंदी, पंढरपूर अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या करणारा हा माणूस स्वतः मात्र झाडाखाली, गावाबाहेर झोपत असे. आपल्याकडच्या स्वस्त प्रवासाचा इतिहास कुणी लिहायला घेतला, तर त्याच्या मुखपृष्ठावर पाठपिशवी नव्हे, खापराचा तुकडा आणि खराटा हवा.

आता ती १९८६ची रात्र. आम्ही दोघे, मी आणि हा मित्र, पदव्युत्तर वर्गातले, परीक्षा संपल्यावर असेच निघालो होतो. एका तीर्थक्षेत्री पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. यूथ हॉस्टेल तिथे नव्हते, धर्मशाळा होती. व्यवस्थापकाने नोंदवही पुढे सरकवली. दोघांचीही नावे मीच लिहिली. त्यांनी माझे आडनाव वाचले आणि काही विचारले नाही. मग मित्राचे वाचले. "राठोड? कोणते राठोड?" मित्र म्हणाला, "तांड्यावरचे." व्यवस्थापक अतिशय सौम्य आवाजात म्हणाले की खोली एकालाच देता येईल, नियम आहे, यांनी हवे तर बाहेर ओट्यावर पडावे. आणि माझ्या अक्षरातल्या त्या नावावर त्यांनी एक आडवी रेघ ओढली. मित्र म्हणाला, "मला तसंही आत उकडतं. मी स्टँडवर जातो." मी "चल, मी पण येतो" असे म्हणायला हवे होते. मी म्हणालो, "सकाळी सहाला भेटू." खोलीला पंखा होता. मला झोप लागली, हे मी लपवणार नाही.

भटकंतीविषयी आम्ही वर्गात पुष्कळ बोलत असू. ती 'घडवते' वगैरे. ज्याचे आजे-पणजे लदेणीवर होते, म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य नि मीठ लादून मुलूख तुडवत होते, तो मित्र त्या वेळी गप्प असे. रात्री मुक्काम पडला की गोण्यांची थप्पी रचून भिंत करायची, मध्ये माणसे, भोवती बैल; सकाळी भिंत पुन्हा बैलांच्या पाठीवर. या लोकांना धर्मशाळेची गरज नव्हती. फौजांनाच त्यांची गरज होती, कारण रसद तेच पोचवत. १८६७मध्ये भुसावळ-नागपूर रेल्वेमार्ग पुरा झाला आणि वऱ्हाडातला माल डब्यांतून जाऊ लागला. चारच वर्षांनी, १८७१ साली, गुन्हेगार जमाती कायदा आला. पुढे तो वाढत गेला, आणि लमाण-बंजाऱ्यांचे काही गटही निरनिराळ्या प्रांतांत त्याच्या कक्षेत ओढले गेले. नोंदलेल्या माणसाने हजेरी द्यायची, गाव सोडायचे तर परवाना घ्यायचा. इकडे स्मिथ दांपत्य सायकलवरच्या मुलांना ओळखपत्र देत होते, जेणेकरून दार उघडावे. तिकडे सोलापुरात तारेच्या कुंपणाआडची सेटलमेंट होती, आणि कागद हवा होता तो बाहेर पडण्यासाठी. हा कायदा रद्द झाला १९५२च्या ३१ ऑगस्टला. तो रद्द होऊन चौतीस वर्षे झाल्यावर त्या सौम्य व्यवस्थापकांनी विचारले, कोणते राठोड?

आत्माराम राठोडांचे 'तांडा', लक्ष्मण मान्यांचे 'उपरा', लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' ही पुस्तके आपण दलित-भटक्यांची आत्मकथने म्हणून एका प्रश्नपत्रिकेत ठेवतो आणि प्रवासवर्णन दुसऱ्या. ही सोय परीक्षा विभागाची असेल, वाङ्मयाची नाही. 'उपरा' १९८०चे. आमच्या त्या सहलीआधी मी ते वाचले होते, त्यावर टिपणही लिहिले होते. टिपणाला गुण चांगले मिळाले.

पोहरादेवीत आता बरेच बदलले आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. नगाऱ्याच्या आकाराची ती इमारत लांबूनही लक्ष वेधते. लदेणी तिथे काचेआड आहे. काचेबाहेर ती संपलेली नाही : याच भागातून दर दिवाळीनंतर बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात आणि कारखान्याच्या परिसरात पाचटाच्या कोप्यांत चार-पाच महिने काढतात. मित्राचे दोन पुतणे त्यात असतात. मित्र म्हणतो, यांचा रात्रीचा मुक्काम सगळ्यांत स्वस्त. चार बांबू, पाचट, वर प्लॅस्टिकचा कागद.

२००३च्या त्या रात्री आम्ही ताडपत्रीखाली नऊ-दहा जण होतो. मावशींनी गुळाची लापशी वाढली, माझ्यासाठी एक गोधडी वेगळी काढून ठेवली, आणि मी ती नको म्हणताच "पहाटे थंडी पडते, गप घे" म्हणून दटावले. दूरवर डफ वाजत होता. सतरा वर्षांत जे बोललो नव्हतो ते मी तेव्हा मित्राजवळ काढले. तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, स्टँडवर त्याला दिग्रसकडचा एक कंडक्टर भेटला होता. त्याने चहा पाजला, रिकाम्या गाडीत झोपू दिले. "चांगला होता बिचारा." थोड्या वेळाने, मला झोप लागली असेल असे समजून की काय, तो म्हणाला, "नाव मात्र तू छान लिहिलं होतंस माझं. वळणदार."

मी जागा होतो. उत्तर दिले नाही.

पहाटे खरेच थंडी पडली. उजाडता उजाडता निजामाबादकडचे एक कुटुंब आमच्याजवळ येऊन उभे राहिले. रात्रभर टेम्पोत बसून आलेले, लहान मुले पेंगत होती. त्यातल्या म्हाताऱ्याने मावशींना गोरमाटीत काही विचारले. मावशींनी मला हलवले. "ऊठ न बाप्पा, यायले जागा दे." मी गोधडीची घडी घातली. सतरंजी झाडून होईपर्यंत त्यांच्यातल्या एका बाईने आमच्या चुलीतला निखारा फुंकायला घेतला होता.