वेगळी चूल

परवां रात्रीं पानांवर बसल्या बसल्या आमच्या घरीं एक वाद निघाला. अभियांत्रिकी शिकणाऱ्या आमच्या पुतण्याचें म्हणणें असें कीं, मनुष्यजातीनें आतां मंगळावर वेगळी चूल मांडावी. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं अशनीच्या आघातानें डायनोसॉर नाहींसे झाले, तसा प्रसंग पुन्हा येणार नाहीं कशावरून? आमच्या सूनबाई म्हणाल्या, त्यापेक्षां येथेंच भक्कम आसरे बांधावे.

आम्हांस दोन्ही गोष्टी एकाच विद्येच्या पायऱ्या वाटतात. मंगळावर हवेचा दाब येथल्याच्या शतांशाहूनही कमी. तेथलें घर म्हणजे बंद पेटीच. तशा पेटींत राहण्याचा प्रयोग पृथ्वीवर होऊन गेला आहे. अमेरिकेंत ॲरिझोना येथें 'बायोस्फिअर २' नांवाच्या सुमारें तीन एकरांच्या कांचघरांत १९९१ सालीं आठ माणसें दोन वर्षांसाठीं शिरलीं. आंत शेत होतें, अरण्य होतें, लहानसा समुद्रही होता. परंतु मातींतील सूक्ष्म जंतु प्राणवायु खाऊं लागले, आणि त्यांनीं सोडलेला कर्बवायु काँक्रीटनें शोषला. प्राणवायु शेंकडा २१ वरून सुमारें साडेचौदापर्यंत उतरला. अखेर १९९३ च्या जानेवारींत तो बाहेरून भरावा लागला. आठांत चार-चारांचे दोन तट पडले, तें निराळेंच! जेथें दार उघडतां येतें तेथें ही गत, तर मंगळावर काय होईल?

इतक्यांत अंथरुणाला खिळलेल्या आमच्या मातुःश्रींनीं माजघरांतून विचारलें, "नेशील का रे मला तिथें?" पुतण्या निरुत्तर झाला, सूनबाईही गप्प राहिल्या. यानांत जागा मोजक्या, आसऱ्यांतही मोजक्याच. आणि जागा मोजूं लागलें कीं म्हातारीं, दुखणाईत माणसें आधीं बाहेर राहतात.

तेव्हां आम्हांस नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील बियाण्यांची कोठी आठवली. ती २००८ सालीं उघडली. सीरियांतील युद्धामुळें अलेप्पोजवळचा बीजसंग्रह हातचा गेला, तेव्हां २०१५ सालीं ह्याच कोठींतून वाण काढून पुन्हा पेरण्यास दिले गेले. हा आसरा माणसें निवडून आंत घेत नाहीं. बाहेर राहिलेल्यांच्या पोटाची सोय करतो.

पुतण्यानें खुशाल मंगळाची विद्या शिकावी. पण पहिला खर्च अशा कोठ्यांवर व्हावा, आणि प्रत्येक नकाशा आजीला दाखवून मगच पुरा करावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.