कृत्तिकांतली एक

आमच्या दारात जी मोटार उभी आहे, ती आता जगात कोठेही तयार होत नाही. १९९६ साली जपानमधल्या कारखान्याने तिची घडण थांबवली. तोपर्यंत साऱ्या जगासाठी मिळून चोवीस हजारांच्या थोड्या वर गाड्या निघाल्या होत्या. ऐकणाऱ्याला हा आकडा मोठा वाटेल. पण मोटारींच्या दुनियेत तो अगदीच किरकोळ. त्यांतल्या कित्येक आज मोडीत निघाल्या आहेत. म्हणून रस्त्यात कधी आपल्या गाडीसारखीच दुसरी दिसली, तर तिच्या मालकाला थांबवून दोन शब्द बोलल्यावाचून पुढे जाववत नाही. परदेशात एखाद्या दुकानात अवचित मराठी बोलणे कानावर पडले, की आपण वळून बघतो ना, तसेच हे.

तिचे नाव सुबारू एसव्हीएक्स. दोन दारांची, पुढे दोघांना ऐसपैस आणि मागे दोघांना कशीबशी जागा असलेली. संसारी माणसाच्या हिशेबाने पाहिले तर अगदी गैरसोयीची वस्तू!

१९९७ च्या उन्हाळ्यात हे ती गाडी घेऊन घरी आले. आम्ही तेव्हाही येथेच, कोलोरॅडोत डेन्व्हरच्या पश्चिमेला असलेल्या लेकवूड गावात राहत होतो. गाडी पाच वर्षे वापरलेली होती, पण डाळिंबाच्या दाण्यासारखा तिचा रंग तसाच तुकतुकीत होता. मी ओल्या हातांनीच बाहेर आले.

"अहो, हिची मागची दारं कुठायत?"

"अगं, ही कूपे आहे. कूपेला दोनच दारं."

"आणि आपण माणसं किती?"

ह्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. सासूबाई त्या वेळी पुण्याहून आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी गाडीभोवती सावकाश एक प्रदक्षिणा घातली, काचांवरून बोट फिरवले आणि लेकाला म्हणाल्या, "अरे, हे तर विमानाचं पिल्लू दिसतंय!"

हे इतके खूश झाले की विचारू नका. कारण सासूबाईंनी नकळत त्या गाडीची कुळीच सांगितली होती. चिकुहेई नाकाजिमा नावाच्या एका माजी नौदल अधिकाऱ्याने १९१७ साली जपानात विमानांचा कारखाना काढला. दुसऱ्या महायुद्धात जपानची पुष्कळशी लढाऊ विमाने ह्याच कारखान्यातून निघाली. १९४५ मध्ये जपान हरला, विमाने बांधायला बंदी झाली आणि कारखान्याची शकले झाली. विमाने बनवणारे हात स्कूटर बनवू लागले. पुढे १९५३ मध्ये त्या शकलांपैकी पाच कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांतून मोटारी काढणारी नवी कंपनी उभी राहिली. आमच्या गाडीच्या काचा दारातून वर चढून थेट छपरात वळल्या आहेत. मधले खांब काचेआड लपवलेले. आत बसले की चहूकडून आकाश दिसते. तिचा आराखडा इटलीच्या जॉर्जेत्तो जुजारो यांचा. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर १९९८ नंतर फिरलेली मॅटिझ आठवते ना? ती लहानगी गाडीही ह्याच गृहस्थांच्या चित्रशाळेतली.

आता एवढी मोठी काच छपरात वळवली, म्हणजे ती खाली सरकायची कशी? म्हणून जुजारोंनी खिडकीत खिडकी केली. मोठी काच पक्की बसवलेली, आणि तिच्या खालच्या भागातली तेवढी एक चौकट उघडायची. पावसातही ती उघडी ठेवावी, आत थेंब येत नाही; वेगात गेले तरी केस विसकटत नाहीत. पण गाडीत बसूनच ज्यांच्याकडून खाणे घ्यायचे, अशा दुकानांपाशी आमची फजिती ठरलेली. दुकानातली मुलगी उंच पिशवी पुढे करायची, ती त्या फटीतून आत यायची नाही, आणि हे दार उघडून अर्धे बाहेर वाकायचे. मागच्या गाडीतली माणसे हसत. मुलांना शरम वाटे. ह्यांना मात्र त्याचाही अभिमानच!

तिच्या नावाचा अर्थ मला त्याच वर्षी दिवाळीत कळला. फराळाची भांडी आवरून मी अंगणात आले, तर हे गाडीच्या नाकाला टेकून पूर्वेकडे बघत उभे होते. त्यांनी आधी बोट गाडीवरच्या चिन्हाकडे दाखवले. लंबवर्तुळात सहा तारे, एक मोठा आणि पाच लहान. पाच कंपन्या आणि त्यांतून झालेली ही सहावी. मग बोट वर आकाशाकडे गेले. तेथे कृत्तिकांचा पुंजका नुकता वर आला होता. जपानी भाषेत कृत्तिकांना सुबारू म्हणतात, आणि त्या शब्दाच्या मुळाशी एकत्र येण्याचा अर्थ आहे. जपानात तर ह्या गाडीला त्यांतल्या सर्वांत तेजस्वी तारकेचे, अल्सायनीचे, नाव दिले होते.

मला मोठी गंमत वाटली. ज्यांच्या नावावरून आपला कार्तिक महिना आला, ज्या सहाजणींनी कार्तिकेयाला दूध पाजले, त्या आमच्या दारात चाकांवर उभ्या! इंजिनाचे सिलिंडरही सहाच. ते इतर गाड्यांसारखे उभे नसतात, आडवे असतात, तीन एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला. ह्यांनी समजावून सांगितले तेव्हा मला समोरासमोर उभ्या राहून टिपऱ्या खेळणाऱ्या मुली आठवल्या. जोडीतल्या दोघी एकदम पुढे यायच्या, एकदम मागे सरायच्या. तोल असा साधलेला, की इंजिन चालू असताना टपावर पाण्याचा पेला ठेवावा.

मोटारींवर लिहिणारे लोक मात्र तिच्यावर रुसलेले होते. इंजिनाची ताकद २३० अश्वशक्ती, आणि गिअर आपोआप बदलणारे! त्या इंजिनाचा जोर पेलेल असा हाताने बदलायचा गिअर तेव्हा कारखान्यापाशी नव्हता. शर्यतीच्या रूपाची गाडी आणि क्लच नाही, म्हणजे नथ आहे पण नाक टोचलेले नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यातून ती बाजारात आली १९९१ मध्ये. जपानात पैशाचा पूर नुकता ओसरला होता. चैनीच्या गाडीला गिऱ्हाईक मिळेना.

पण जो तिचा दोष म्हणून छापून आला, त्यानेच मला ती गाडी मिळवून दिली. ह्यांच्या आधीच्या साऱ्या गाड्या हाताने गिअर टाकायच्या. मला क्लच कधी जमला नाही. त्यामुळे लांबच्या प्रवासात मी कायम शेजारी बसून नकाशा बघणारी. ह्या गाडीने पहिल्यांदा चाक माझ्या हाती दिले. दिवसाला ५०० मैल आरामात जावे, ह्या कल्पनेनेच जपान्यांनी ती बांधली होती. सॉल्ट लेक सिटीपर्यंतचे तेवढे मैल आम्ही दोघांनी निम्मे-निम्मे वाटून घेतले. एकदा ऑक्टोबरात लव्हलँड पास ह्या जवळजवळ बारा हजार फूट उंचीच्या खिंडीत हिमवर्षाव गाठला. चाक माझ्याकडे होते. चारही चाकांना ओढ असल्यामुळे गाडी रस्ता सोडत नव्हती. ह्यांनी एक शब्द उच्चारला नाही. उतारावर आल्यावर मी पाहिले, तर ते शांतपणे झोपले होते. एकवीस वर्षांच्या संसारात माझ्यावर त्यांनी टाकलेला एवढा विश्वास मी त्याआधी पाहिला नव्हता!

हळूहळू इतर मालकांशी ओळखी झाल्या. उन्हाळ्यात कधी डोंगरात, कधी एखाद्या तळ्याकाठी दहा-पंधरा गाड्या जमत. माणसे आपापल्या आठवणी सांगत. विमानतळावर दुरुस्तीचे काम करून निवृत्त झालेला एक म्हातारा म्हणे, "जन्मभर दुसऱ्यांची विमानं पुसली, आता हे माझं." एका शिक्षक जोडप्याने लग्नाच्या दिवशी चर्चमधून घरी जायला हीच गाडी घेतली होती. नवरीचा घेर एवढा होता, की नवरदेवाला त्यात शोधावे लागले. पश्चिम नेब्रास्कातली एक नर्सबाई रात्रपाळी संपवून पहाटेच्या बर्फात साठ मैल घरी जात असे. ती म्हणे, "काचेतून उजाडताना दिसतं. दवाखान्यात जे पाहिलं असेल ते तेवढ्यात निवतं." हे सर्वांचे फोन नंबर एका वहीत लिहून ठेवत आणि कोणाकडे कोणता जास्तीचा भाग आहे तेही नोंदवत. मला त्या वहीचे हसू येई.

२०१४ च्या हिवाळ्यात हे गेले. त्यांनी नेत्रदान केलेले होते. काही आठवड्यांनी नेत्रपेढीचे पत्र आले. त्यात एवढेच होते, की दोन माणसांना दृष्टी मिळाली. नावे नव्हती. ते पत्र मी देवघरात ठेवले आहे.

मुलगी म्हणाली, "आई, आता ही गाडी विकून टाक. हिचे सुटे भागसुद्धा मिळत नाहीत." तिचे चुकले नव्हते. पण ह्यांनी बसण्याची जागा जशी लावून ठेवली होती, ती पुढे ओढून मी स्वतःसाठी लावली आणि गाडी चालवत राहिले.

मग ८ मे २०१७ चा दिवस आला. त्या दिवशी डेन्व्हरच्या पश्चिमेला चेंडूएवढ्या गारा पडल्या. आमच्या गावचा कोलोरॅडो मिल्स हा मोठा बाजार छत फुटून कित्येक महिने बंद राहिला. मी औषधांच्या दुकानात होते, गाडी बाहेर उघड्यावर. बाहेर आले तेव्हा टपावर पोचे पडले होते, आणि चालकाच्या बाजूच्या त्या वळलेल्या काचेचा साबुदाण्यासारखा चुरा होऊन बैठकीवर पसरला होता. विम्याचा माणूस सभ्यपणे म्हणाला, "बाई, गाडीच्या किमतीपेक्षा दुरुस्ती जास्त होईल. शिवाय ही काच आता मिळायची नाही." मुलगी काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

त्या रात्री मी ती वही काढली. नर्सबाईंच्या नावापुढे ह्यांच्या अक्षरात लिहिले होते : "कोठारात एक बंद गाडी. काचा शाबूत."

मी फोन केला. आधी त्यांना ह्यांची बातमी सांगावी लागली. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "शनिवारी येते." दोनशे मैल गाडी हाकत त्या आल्या. शेजारच्या आसनावर पट्टा लावून काच बसवलेली होती, आपल्याकडे लेकुरवाळी पोराला गुंडाळते तशी गोधडीत गुंडाळून. गोधडी त्यांच्या आईने शिवलेली, ठिगळांची. माझ्या आजीच्या गोधडीशेजारी ठेवली असती तर दोघी बहिणी वाटल्या असत्या. मी पैशांचे नाव काढले तेव्हा त्यांनी हात जोरात हलवला. आपली एक लहान वही काढून त्यांनी माझ्यासमोर लिहिले. वरच्या ओळी मी वाचल्या. कोठारातल्या त्या गाडीच्या दाराची कडी ओरेगॉनला गेली होती, एक दिवा कॅनडात गेला होता. आता खाली काच, कोलोरॅडो. "एक मेली म्हणून सहा चालतायत," त्या म्हणाल्या.

काच बसवून झाल्यावर आम्ही दोघी लव्हलँड पासपर्यंत जाऊन आलो. जाताना मी चालवली, येताना त्यांनी. दोघींनी फारसे बोलणे केले नाही. मी सारखी त्या काचेतून बाहेर बघत होते आणि मला देवघरातले पत्र आठवत होते. कोठल्या तरी गावात कोणी तरी ह्यांच्या डोळ्यांनी असाच डोंगर बघत असेल, असे वाटत होते.

आता माझी सत्तरी उलटली आहे. डॉक्टरांनी रात्री गाडी चालवू नका म्हणून सांगितले आहे. दिवसाचेही किती दिवस ते ठाऊक नाही. मोटारींचा एक हौशी संग्राहक मध्ये घरी येऊन गेला. गाडी त्याला दालनात ठेवायची आहे, दोरी लावून, पाटी लावून. त्याने सांगितलेली किंमत चांगली होती. मी त्याला चहा दिला आणि नाही म्हटले. गाडी चालवील असे कोणी मिळाले तर त्याने ती न्यावी. नाहीच मिळाले, तर तिचे भाग ज्याला त्याला वाटून द्यावेत, असे मी ह्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहे. ते पान मुलीला दाखवले.

ती म्हणाली, "म्हणजे आई, तू हिचंसुद्धा अवयवदान करणार?"

मी म्हटले, "आपल्या घरची रीतच आहे ती."

पण त्याला अजून अवकाश आहे. परवा दसऱ्याला मी तिला झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबे ठेवली आणि किल्ली फिरवली. एका फिरकीत सुरू झाली. टपावरचे पोचे मी काढून घेतलेले नाहीत; त्यांत हळदकुंकू छान बसते.