खाडीचा राखलेला काठ

जवळा बाजार या आमच्या गावात समुद्राची गोष्ट सहसा निघत नाही. आमचं पाणी पूर्णेचं. ते गोदावरीला मिळून पार पूर्वेच्या समुद्राला जातं. मामा मात्र पश्चिमेला गेले. १९७२च्या दुष्काळात विहिरी आटल्या, तेव्हा त्यांनी ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यात काम धरलं आणि पुढं ऐरोलीचेच झाले. गावी आले की दिवसभर हळदीच्या रानात असायचे. संध्याकाळी ओट्यावर बसून बोलायचे ते ठाण्याच्या खाडीबद्दल.

ऐरोलीहून वनखात्याच्या बोटीत मला त्यांनीच बसवलं. फ्लेमिंगो बघायचे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ही बोट भरती पाहून सुटते, कारण ओहोटीला खाडीत चिखलच चिखल उरतो. सुरुवातीची वाट अरुंद, दोन्ही बाजूंना तिवरांची दाटी. मोठ्या पाण्यात आलो आणि सगळं एकदम उघडं पडलं. पुलावरची वाहनं, विजेचे मनोरे, नवी मुंबईच्या काचेच्या इमारती, पलीकडं भांडुप-विक्रोळीचे मजल्यावर मजले. आणि या सगळ्याच्या पायथ्याशी एक हिरवी पट्टी, तिवरांची, म्हणजे कांदळवनाची. विक्रोळीकडचं कांदळवन तर गोदरेजांनी कितीतरी वर्षं राखलेलं. या शहरातून रस्त्यानं इतक्यांदा गेलो, पण ही पट्टी कधी नजरेत भरली नव्हती. पाण्यात उतरल्यावर तीच आधी दिसली.

माझी मान पक्ष्यांकडं वळलेली. मामा म्हणाले, "पाखरं काय, उडून जातेत लेका. मुळं बघ."

चिखलातून बोटबोट उंचीची मुळं वर आलेली, हजारोंनी. खालच्या गाळात हवा नसते, म्हणून तिवर वर मुळं काढून श्वास घेतं. त्याच मुळांत गाळ अडतो, लाटेचा जोर मोडतो, मासे-खेकड्यांची पिल्लं वाढतात. हे सगळं मामा तिथल्या कोळ्यांच्या संगतीत शिकले होते. रात्री डंपर येऊन राडारोडा ओतून जायचे, तेही त्यांनी पाहिलेलं. २००५ मध्ये उच्च न्यायालयानं कांदळवन तोडायला बंदी केली, २०१५ मध्ये खाडीचा सोळाशेहून अधिक हेक्टरचा भाग अभयारण्य झाला. दोन्ही वेळा त्यांनी गावी फोन करून सांगितलं होतं, घरात लग्न ठरल्यासारखं.

२०२१च्या एप्रिलमध्ये कोरोनानं मामा गेले. जिल्हा ओलांडायला ई-पास लागत होता. मातीला आमच्यापैकी कुणीच पोचू शकलं नाही. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२२ मध्ये, ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाल्याचं जाहीर झालं. जगानं दखल घ्यावी असं पाणथळ ठरलं ते. या वेळी फोन आला नाही. ती बातमी मी मोठ्यानं वाचली, घरातल्यांसाठी आणि थोडी त्यांच्यासाठीही.

तेव्हापासून पूर्णेच्या काठावर गेलो की माझी नजर आधी मुळांकडं जाते. वाळू उपसून उपसून दरडी उघड्या पडतात, काठावरच्या झाडांची मुळं हवेत लोंबतात, आणि एखाद्या पुरात झाडासकट काठ वाहून जातो. कोट्यवधी माणसांच्या गर्दीत, सोन्याच्या भावाच्या जमिनीला लागून खाडीचा काठ राखता येतो, तर आपल्याला नदीचा का येऊ नये? गावकऱ्यांनो, पूर्णेचा जेवढा काठ अजून झाडांनी धरून ठेवलाय, तेवढ्याला तरी हात लावू देऊ नका.