गाडीची खडखड आणि प्रवरेचें खोरें

प्रवासवर्णन म्हटलें कीं त्यांत डोंगर, नद्या, देवालयें आणि सूर्यास्त यांचें वर्णन असावयाचें, असा एक संकेत आपल्याकडे पडून गेला आहे. ज्या वाहनांतून तो प्रवास घडतो त्याला त्या वर्णनांत बहुधा स्थान नसतें. मिळालेंच तर तें वाटेंत बंद पडलें म्हणून मिळतें. प्रस्तुत लेखांतील गाडी कोठेंही बंद पडली नाहीं. ती उत्तम चालत होती; फक्त वाजत होती. परंतु त्या वाजण्यानें आमचा प्रवास जवळजवळ हिरावून घेतला होता. गाडीच्या दांड्यांची खडखड हा विषय वाचकांना क्षुद्र वाटण्याचा संभव आहे. तथापि वडीलधाऱ्या माणसांना घेऊन आडवाटेनें प्रवास करणाऱ्या कुटुंबांना त्यांतून कांहीं उपयुक्त माहिती मिळेल, अशा समजुतीनें तो येथें घेतला आहे.

गेल्या कार्तिकांत संगमनेराहून अकोलें, राजूर, शेंडी या मार्गानें भंडारदऱ्यास व तेथून जलाशयाच्या कडेकडेनें रतनवाडी व घाटघर येथें जाण्याचा योग आला. बरोबर माझे वडील बंधु होते. त्यांचें वय आतां ७८ आहे. गाडी चालविण्यास त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या होता. नुसती सृष्टिशोभा पाहणें हा या प्रवासाचा हेतु नव्हता. आमचे वडील राजूरच्या बाजूस शिक्षक होते. ते १९६४ सालीं वारले, तेव्हां मी चार वर्षांचा होतों. त्यांचा चेहरा मला ठाऊक आहे तो तसबिरींतला. आवाज तर मुळींच आठवत नाहीं. त्यांच्याबरोबर या खोऱ्यांतून पायीं हिंडलेलें असें आतां एकच माणूस उरलें आहे, आणि तें म्हणजे दादा. घरीं विचारलें तर ते दोन वाक्यांत आटोपतात. वाटेवरच्या आठवणी त्या वाटेवरच बोलत्या होतील, म्हणून हा बेत केला होता.

गाडी जीपच्या जातीची, पुष्कळ जुनी आणि दोनतीन मालकांच्या हातांखालून गेलेली. या जातीचा उगम दुसऱ्या महायुद्धांतला. १९४१ पासून युद्ध संपेपर्यंत अमेरिकेंत अशा सहा लक्षांहून अधिक गाड्या तयार झाल्या. १९४७ पासून भारतांत त्यांचे सुटे भाग आणून जोडणी होऊं लागली, आणि जेथें रस्ता संपतो तेथून पुढें जाणारें वाहन अशी त्यांची ख्याति झाली. या घराण्यांतील जुन्या गाड्यांत चालकाच्या बाजूस एका दांड्याऐवजीं तीन दांडे असतात. मोठा दांडा नेहमींच्या गिअरचा. शेजारचे दोन आंखूड. त्यांपैकीं एकानें पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर जोडतां येतो, व दुसऱ्यानें गाडी अवघड चढउतारासाठीं मंद पण बळकट गतींत घालतां येते. हे दोन आंखूड दांडे एकाच पिनेवर शेजारीं शेजारीं बसविलेले असतात.

संगमनेर सोडल्यावर रस्त्याच्या पहिल्या खराब पट्ट्यापासूनच या दांड्यांनीं ताल धरला. आवाज मोठा नव्हता. पण तो कोरडा, तीक्ष्ण आणि अखंड होता. पुतण्याला त्याची इतकी सवय झालेली होती कीं, त्याला तो ऐकूंच येत नव्हता. मलाही अर्ध्या तासानें तो फारसा जाणवेना. दादांची गोष्ट मात्र निराळी होती. ते श्रवणयंत्र वापरतात. डोळस कानाला नको असलेला आवाज बाजूस सारतां येतो. यंत्राला तो विवेक बेताचाच. भांड्यावर भांडें आपटावें तसा प्रत्येक खडका त्यांच्या कानांत वाढवून पोंचत होता. दहा मिनिटांतच त्यांनीं यंत्र काढून खिशांत ठेवलें आणि ते खिडकीबाहेर पाहत स्वस्थ बसले. आतां त्यांना आमचें बोलणें ऐकूं येईना, आणि ज्याला दुसऱ्याचें ऐकूं येत नाहीं तो मनुष्य स्वतःही बोलेनासा होतो. नैयायिकांनीं शब्दाचे ध्वनि आणि वर्ण असे दोन प्रकार सांगितले आहेत. नगाऱ्याचा तो ध्वनि, मनुष्याच्या भाषेचा तो वर्ण. आमच्या गाडींत ध्वनीनें वर्णाला हद्दपार केलें होतें.

पुतण्यानें यापूर्वीं कांहीं उपाय केले नव्हते असें नाहीं. प्रथम तो दांड्यांवर हात ठेवून गाडी चालवीत असे. त्यानें आवाज थांबतो. पण हाताचा भार दांड्यावाटे आंतील काट्यावर पडतो, काटा फिरत्या भागावर घासत राहतो आणि हळूहळू झिजतो. म्हणून चालू गाडींत दांड्यावर हात विसावूं नये, हा नियम कोणत्याही गाडीस लागू आहे. नंतर त्यानें सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा करून दोन्ही दांडे एकत्र आवळले होते. हाही उपाय घातकच. ताणलेलें रबर दांड्याला सतत एका बाजूस ओढतें आणि धक्क्याबरोबर गाडी गिअरमधून सुटण्याची भीति राहते. घाटाच्या उतारावर असें झाल्यास परिणाम काय होईल, हें सांगावयास नको.

अकोल्यास चहासाठीं थांबलों असतां रस्त्याच्या कडेला एका मिस्त्रीचें दुकान दिसलें. गृहस्थ पन्नाशीचे, मितभाषी. मीं त्यांना विचारलें, "हे दांडे घट्ट आवळून टाकतां येणार नाहींत का?" ते हंसून म्हणाले, "गुरुजी, दांडी हलायलाच पाहिजे. हलली नाय तर गिअर पडायचा कसा? हलूं द्यायची, पण वाजूं द्यायची नाय."

एवढें बोलून ते पुतण्याशेजारीं बसले आणि गाडी खडबडीत गल्लींतून फिरवून आणावयास सांगितलें. खडखड चालू असतांना त्यांनीं प्रत्येक दांड्याला नुसतें एक बोट लावून पाहिलें. मोठ्या दांड्याला बोट लावलें तरी आवाज तसाच. म्हणजे त्याच्या बुडाची स्प्रिंग शाबूत होती. आंखूड दांड्यांपैकीं एकाला लावतांच आवाज अर्धा झाला. दोघांनाही लावतांच पूर्ण थांबला. रोग कोठें आहे तें ठरलें. कोणताही पेच सोडण्यापूर्वीं निदान करण्याची ही रीत मला फार आवडली. घरच्या माणसांनाही ती सहज करून पाहतां येईल. मात्र चालकानें नव्हे, शेजारीं बसलेल्यानें, आणि बोट हलकें लावून.

मग त्यांनीं तळाची पत्र्याची झांकणी काढून आम्हांला दाखविलें. दोन्ही दांडे ज्या पिनेवर फिरतात ती पिन मध्येंच झिजून बारीक झाली होती, आणि दांड्यांचीं भोंकें, जीं वाटोळीं असावयाचीं, तीं लांबट झालीं होतीं. शिवाय दोन दांड्यांच्या मध्यें त्यांना हळूच दूर रेटून धरणारी चपटी स्प्रिंग असावयास पाहिजे. ती कधींकाळीं तुटून पडून गेली होती. दांडे जेथून वर येतात तेथील रबरी टोपणही फाटलें होतें. म्हणून ते पिनेवर नाचत, एकमेकांवर आपटत आणि पत्र्यालाही टाळी देत. इंजिन रबराच्या बैठकींवर थरथरतें, दांडे इंजिनाबरोबर हलतात, पत्रा मात्र जागेवर असतो. तेव्हां ही टाळी अटळच. यांत कोणाचा दोष नव्हता, वर्षांचा होता.

मिस्त्रींनीं भोंकें मोठीं करून त्यांत लेथवर कातलेलीं पितळी बुशें बसविलीं, नवी पिन घातली, ग्रीस भरलें, दोन दांड्यांच्या मध्यें नवी चपटी स्प्रिंग दिली व बाजूस पातळ वायसर घातले. पिनेवर दांडे लपलप करीत नव्हते, पण बोटानें ढकलतांच सहज सरकत होते. शेवटीं नवें रबरी टोपण बसलें. या सर्वांस दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागला. तेवढ्यांत आम्ही दोघे भाऊ प्रवरेच्या तीरावरील अगस्ति ऋषींच्या आश्रमांत जाऊन आलों. ज्यानें विंध्याला वाकविलें अशी ज्याची कथा आहे, त्याचें हें स्थान झाडांच्या सावलींत फार शांत आहे. तेथें दादांनीं यंत्र पुन्हां कानांत घातलें.

अकोलें सोडल्यावर मीं काळजीनें त्यांच्याकडे पाहत होतों. पहिला खड्डा आला, दुसरा आला. त्यांचा हात कानाकडे गेला नाहीं. राजूरच्या अलीकडे ते आपण होऊन म्हणाले, "अरे, इथून रंध्याचा आवाज ऐकूं येत असेल का?" रंधा धबधबा अजून बराच पुढें होता, पण माणूस ऐकावयास तयार झाला, हें आम्हां दोघांना कळलें. पुढें प्रवरेवरचें तें मोठें दगडी धरण लागलें. त्याचें काम १९१० मध्यें सुरू होऊन १९२६ मध्यें पुरें झालें. उत्तरेस १६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर, पुढें रतनगडाचा कडा आणि मध्यें जलाशयाचें निश्चल पाणी. पावसाळा नुकताच सरल्यामुळें डोंगर अजून हिरवे होते.

शेंडीहून रतनवाडीस जाणारा रस्ता पाण्याच्या कडेनें वळणें घेत जातो. तेथें दादा बोलूं लागले. महाशिवरात्रीस वडील त्यांना अमृतेश्वराच्या दर्शनाला नेत. शेंडीपर्यंत मिळेल त्या वाहनानें, तेथून पायीं. दहा वर्षांच्या मुलाचे पाय दुखूं नयेत म्हणून त्यांनीं एक युक्ति काढली होती. प्रत्येक वळणाला एक विभक्ति म्हणावयाची. रामः रामौ रामाः हें पहिलें वळण. सातव्या विभक्तीनंतर संबोधन झालें कीं थोडें बसावयाचें आणि नवा शब्द घ्यावयाचा. एका उतारावर दादा म्हणाले, "इथेंच कुठेंतरी माझी षष्ठी चुकली होती. रामाणाम् म्हणायचें तें मीं रामानाम् म्हटलें. नानांनीं मला थांबवलें आणि म्हणाले, अरे, र शेजारीं राहायला आला आहे, न ला त्याचा गुण लागायचाच; देवानाम् मधला न एकटा आहे म्हणून सुधारला नाहीं."

मीं गाडी थांबवावयास सांगितलें नाहीं. पण कांहीं वेळ मला बोलवेना. र च्या शेजारानें न ला गुण लागतो, हें वाक्य मीं वर्गांत तीसपस्तीस वर्षें म्हटलें आहे. लहानपणीं दादांनीं मला तसेंच शिकविलें होतें आणि तो विनोद त्यांचाच, असें मी समजत आलों होतों. ज्यांचा आवाज मला आठवत नाहीं, त्यांचेंच वाक्य मी शेंकडों मुलांना सांगत होतों.

रतनवाडीचें अमृतेश्वराचें देवालय कोरीव दगडाचें व फार प्राचीन आहे. जवळच कोनाड्यांतून मूर्ति बसविलेली पुष्करिणी आहे. प्रवरा येथें अजून बाल्यावस्थेंत आहे. दादा पुष्करिणीच्या पायरीवर पुष्कळ वेळ बसले आणि त्यांनीं मला आणखीहि कांहीं गोष्टी सांगितल्या. त्या घरच्या आहेत, म्हणून येथें देत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं साम्रदवरून घाटघरला गेलों. येथें २५० मेगावॉटचा जलविद्युत् प्रकल्प आहे. त्यांत रात्रीं पाणी वर चढवून गरजेच्या वेळीं खालीं सोडतात. कड्यावरून खालचें कोंकण दिसतें. कड्याकडील एका ओल्या, निसरड्या उतारावर पुतण्यानें दोन्ही आंखूड दांडे ओढून गाडी मंद गतींत घातली. ब्रेकवर पाय न ठेवतां इंजिनानें तिला आवरून धरलें आणि ती मुंगीच्या पावलानें उतरली. दांडे जागच्या जागीं उभे होते. डांबरी रस्ता लागतांच त्यानें पुढचीं चाकें सोडविलीं. तेंही आवश्यक असतें; कारण वळणावर पुढचीं व मागचीं चाकें सारखें अंतर कापीत नाहींत, आणि कोरड्या रस्त्यावर तीं जोडलेलीं ठेवल्यास सर्व यंत्रावर पीळ पडतो.

आडवाटेला निघण्यापूर्वीं तेल, पाणी, चाकांतील हवा व ब्रेक पाहण्याची पद्धत सर्वांस ठाऊक आहे. तिच्यांत एवढीच भर घालावी: खराब रस्त्यावरून गाडी एक मैल चालवावी, आणि मागें बसलेल्या वडील माणसाला तिच्यांत बोललेलें ऐकूं येतें कीं नाहीं, हें त्यालाच विचारावें.