तडीस नेणे

एखादे काम पुरे करण्याला मराठीत आपण ‘तडीस नेणे’ म्हणतो किंवा ‘पार पाडणे’. तड म्हणजे काठ आणि पार म्हणजे पलीकडचा तीर. विद्येत मुरलेला माणूस ‘पारंगत’, तोही मुळात पैलतीराला पोचलेलाच. संतकवितेने भवसागर, तारू, पैलतीर ही प्रतिमांची साखळी घराघरांत नेली आणि गेली वीस वर्षे आम्ही ती वर्गात शिकवीत आहोत. या साऱ्या भाषेत एक गृहीत दडलेले आहे : धोका असतो तो पाण्यात, काठ आला की सुटका.

शिडाच्या होडीतून एकट्याने हिंडणाऱ्यांचे अनुभव वाचू लागले की हे गृहीत उलटे होते. भर समुद्रात वादळ नसेल तेव्हा आजूबाजूला आपटण्यासारखे काही नसते. वाऱ्याच्या रोखाने चालणारे स्वयंचलित सुकाणू होडी सांभाळते आणि खलाशी स्वयंपाक करतो, वाचतो, तुकड्यातुकड्यांनी झोपतो. त्याची कसोटी लागते ती मरिनात, शेवटच्या पन्नास फुटांत. दहा मीटर लांबीच्या होडीचे वजन काही टन भरते आणि तिला ब्रेक नसतो. सुकाणूवरून पाणी वाहत असेल तोवरच ते काम करते; म्हणजे वेग फार कमी केला तर होडी ऐकेनाशी होते आणि वाढवला तर शेजारणीवर आदळते. इंजिन उलटे चालवले की पंखा मागचा भाग एका बाजूला सरकवतो. वारा तोंड ढकलीत असतो. सुकाणू, इंजिन आणि दोर या तिन्हींसाठी हात मात्र दोनच.

दक्षिण इंग्लंडमधील हॅम्बल नदीवर अशी अनेक मरिना आहेत. आप्तांकडे गेलो असता आम्ही दोघांनी तिथे एक उन्हाळी दुपार काढली. साठी उलटलेले एक गृहस्थ एकटेच होडी आणीत होते. शिडे उतरवलेली, कडेला रबरी फुगे टांगलेले, दोर हाताशी. सारी तयारी मोकळ्या पाण्यातच झालेली. वाऱ्याला तोंड देत, माणूस चालतो त्याहूनही सावकाश ते आले. तरंगत्या धक्क्यावर दोघे-तिघे मदतीला धावले. एकाने पुढचा दोर मागितला. गृहस्थांनी दिला तो होडीच्या मध्यावरचा, आणि इतकेच सांगितले : मागच्या खुंटीला अडकवा, ओढू नका.

याचे कारण त्यांनी नंतर समजावून सांगितले. पुढचा दोर उत्साहाने ओढला की तोंड धक्क्याला लागते आणि मागचा भाग बाहेर फेकला जातो. मग होडी कोणाच्याच ताब्यात राहत नाही. मध्यावरचा आखूड दोर मागच्या खुंटीला अडकवून इंजिन हळू पुढे चालवले आणि सुकाणू धक्क्यापासून दूर वळवले, की होडी स्वतःच्याच जोराने धक्क्याला टेकून राहते. उरलेले दोर सवडीने बांधता येतात. धक्क्यावर कोणी नसले तरी हा एक दोर आपला आपण टाकता येतो. कोणी असले तर त्याला द्यावा, पण हाच.

ओढणे आणि अडकवून धरणे यांतला हा भेद आमच्या व्यवसायाला फार जवळचा वाटतो. आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा पीएच.डी.चा प्रबंध शेवटच्या प्रकरणापाशी थांबला आहे. जात्यावरच्या ओव्या तिने गावोगाव फिरून गोळा केल्या. तेव्हा ती एकटी होती आणि निर्धास्त होती. आता काठ दिसतो आहे, विद्यापीठाची मुदत जवळ आली आहे, आणि लेखणी हलत नाही. धक्क्यावर गर्दी मात्र बरीच आहे. कोणी निष्कर्ष सुचवतो, कोणी जुन्या प्रबंधाचा साचा देतो, कोणी ‘आण, मीच लिहून देतो’ म्हणतो. यांतल्या कोणाचाही हेतू वाईट नाही. पण हे पुढचा दोर ओढणे आहे. तोंड धक्क्याला लागेल आणि मागची सहा वर्षे बाहेर फेकली जातील. म्हणून दर शनिवारी तिने आणलेली पाने वाचायची, शंका विचारायच्या, आणि तिच्या वाक्यांना हात लावायचा नाही, एवढेच आम्ही ठरवले आहे. खुंटीने जागा सोडायची नसते; इंजिन ज्याचे त्याने चालवायचे असते.

एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला खलाशी जोशुआ स्लोकम १८९५ साली बॉस्टनहून निघाला आणि २७ जून १८९८ रोजी न्यूपोर्टला पोचला. विक्रम तिथेच पुरा झाला होता. तरीही काही दिवसांनी तो आपली ‘स्प्रे’ फेअरहेवनला घेऊन गेला आणि ती पहिल्यांदा पाण्यात उतरवली तेव्हा जिला बांधली होती, त्याच देवदारी खुंटीला त्याने ती बांधली. सेहेचाळीस हजार मैल तो एकटा होता, हे खरेच. पण ती खुंटी तीन वर्षे काठावर उभी होती, हेही त्या प्रवासात धरले पाहिजे.

मुदत तीन महिन्यांवर आली आहे. येत्या शनिवारी ती पाने आणणार आहे. किती, ते आम्ही विचारलेले नाही.