पेडलाची मोकळीक

आमच्या वापरातील जीप वयाने आमच्याहून वडील आहे. विलीस बनावटीच्या ह्या गाड्या महिंद्रांनी १९४७ पासून आपल्या देशात जोडावयास आरंभ केला. त्यांतील 'सी. जे. ३-बी' हा नमुना अमेरिकेत १९६८ साली बंद पडला, तरी आपल्याकडे तो पुढे कित्येक वर्षे बनत राहिला. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातील गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. मात्र तशी नोंद झाल्यावर ती नेहमीच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. आम्ही ती नोंद केली नाही. आमच्या जीपला अद्याप काम आहे.

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी क्लचचे पेडल आम्हांस ढिले भासले. पाय ठेवताच ते इंचभर विनाविरोध खाली जाई आणि मग कोठे त्याला भार लागे. ढिलाई हा दोषच, अशी आमची समजूत. सेमिनरीत आम्ही पुष्कळ शिकलो, पण पाना हाती धरावयास तेथे कोणी शिकविले नव्हते. तरीही आम्ही गाडीखाली शिरलो, लॉकनट सैल केला, केबल ताणली आणि पेडल असे कसले की, बोट लावताच त्यास भार जाणवावा. त्या दिवशी आम्हांस स्वतःचे मोठे कौतुक वाटले.

पुढे सिल्लेवानीचा घाट चढताना इंजिनाचा आवाज वाढे, पण वेग वाढेना. करपल्यासारखा दर्पही आला. गाडी म्हातारी झाली, असे म्हणून आम्ही तिकडे दुर्लक्ष केले.

श्रावणातील एका सायंकाळी मोहगावाच्या पलीकडून निरोप आला. संत्र्यांच्या बागेत राहणाऱ्या एका कुटुंबातील आजी अत्यवस्थ होती व तिला शेवटचे संस्कार हवे होते. आम्ही तत्काळ निघालो. मोहगाव मागे पडले आणि ओल्या चढावर जीप थांबली. इंजिन गर्जत होते, चाके मात्र जागची हलत नव्हती. अखेर तेलाची कुपी खिशात घालून आम्ही चिखलातून पायी निघालो. पोहोचलो तेव्हा आजीचे डोळे मिटलेले होते. मुलाने आम्हांस पाणी दिले आणि एवढेच म्हटले, "मायनं दोनदा इचारलं, फादर आले का म्हणून." आम्ही गुडघे टेकले व घरच्या मंडळींसह प्रार्थना केली. त्या रात्री झोप आली नाही.

सकाळी मोहगावचा एक तरुण मिस्त्री आला. त्याने हातब्रेक ओढून इंजिन चालू केले, तिसरा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. क्लच धड असता तर इंजिन बंद पडावयास हवे होते. ते चालूच राहिले. मग त्याने हाताने पेडल दाबून पाहिले व हसून म्हणाला, "फादर, तुमी याले प्लेच ठेवला नाई. पेडलनं बी आराम कराले पाह्यजे ना!"

त्याने समजाविले ते असे. पेडलाला मोकळीक नसली की क्लचचे बेअरिंग आतील बोटांवर सदैव टेकून राहते. स्प्रिंगांचा पुरा दाब प्लेटवर पडत नाही. प्लेट घसरते, तापते आणि झिजते. प्लेटचे अस्तर झिजते तशी ही मोकळीक आपोआप कमी होत जाते, म्हणून ती वरचेवर तपासावी लागते. उलट ती फार वाढली तर क्लच पुरता सुटत नाही व गिअर टाकताना दाते करकरतात. ह्या जीपला साधारण पाऊण ते एक इंच मोकळीक पुरते. त्याने केबल सैल केली, पट्टीने अंतर मोजले, लॉकनट आवळला व तीच परीक्षा पुन्हा केली. इंजिन तत्क्षणी बंद पडले. "आता बी घसरली असती," तो म्हणाला, "तर प्लेट गेली, नाईतर तेल उतरलं असं समजा. मंग पाना फिरवून काई होत नाई." चालविताना पाय पेडलावर विसावू न देण्याची ताकीदही त्याने दिली; ती खोडही आमचीच होती.

ज्यांच्या घरी जुनी जीप वा ट्रॅक्टर आहे, त्यांनी इतके अवश्य करावे: आठवड्यातून एकदा हाताने पेडल दाबून मोकळीक पाहावी, आणि करपट वास आला की त्याच दिवशी गाडी मिस्त्रीकडे न्यावी. वास आम्हांसही आला होता.

आजीच्या महिन्याच्या मिसेला आम्ही त्याच जीपने गेलो. चढ सहज चढला. मुलाने दारात येऊन विचारले, "फादर, गाडी नीट झाली?" आम्ही "होय" म्हटले. गाडी कोणी बिघडविली होती, हेही त्यास त्याच दारात सांगितले.