समृद्धीवर ज्यांना जागा नाही, त्यांचा रस्ता

समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. ती योग्यच आहे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मंडळी तिथंच अडकतील. जिथं गाड्या १२० च्या वेगानं पळतात तिथं माझ्या स्कूटरचं काही काम नाही. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला, ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. चांगलं झालं. पण जे त्याच्यावर चढूच शकत नाहीत, त्यांच्या रस्त्याचं काय?

मी बोलतोय मेहकर-सुलतानपूर-बिबी-दुसरबीड-सिंदखेडराजा या जुन्या हायवेबद्दल. पन्नास-साठ किलोमीटरचा तुकडा. मुंबई-पुण्याकडचे लोक आता तो पाहतही नाहीत, वरून निघून जातात. मी मात्र बातमीच्या निमित्तानं आठवड्यातून दोन-तीनदा त्याच्यावर असतो. आधी मोटारसायकल होती, पाठीचं दुखणं सुरू झालं तशी स्कूटर घेतली.

स्कूटर घेतल्यावर हा रस्ता मला नव्यानं कळला. मोटारसायकलचं चाक १७-१८ इंची. माझ्या स्कूटरचं पुढचं १२ आणि मागचं १० इंची. ज्या खड्ड्यावरून मोटारसायकल कुरकुरत पार होते, त्यात स्कूटरचं चाक बसतं. दोन्ही बाजूंना सोयाबीन, तूर, कपाशी, नजर जाईल तिथवर मोकळं रान. उन्हाळ्यात दुपारी आडवा वारा सुटला की हलकी स्कूटर एका बाजूला ढकलली जाते. त्यात समोरून लोड ट्रक आला की आधी धक्का, मग ओढ. हँडल घट्ट धरून बसायचं, दुसरं काय.

पण खरा प्रश्न खड्ड्याचा नाही, साइडपट्टीचा आहे. डांबराचा थर दर काही वर्षांनी वर चढत जातो आणि कडेची माती आहे तिथंच राहते. आपली काळी माती तर विचारूच नका. पावसात फुगते, उन्हात आकसून भेगाळते, खचते. मग डांबराची कड आणि साइडपट्टी यांच्यात पायरी तयार होते. मी मागच्या महिन्यात शाळेच्या कंपासमधली पट्टी घेऊन काही ठिकाणी मोजलं. कुठं चार इंच, कुठं सहा. सहा इंच म्हणजे जिन्याची पायरीच झाली की! चारचाकीतल्या माणसाला ती दिसत पण नाही. स्कूटरवाला एकदा खाली उतरला की पुन्हा वर चढताना चाक कडेला घासतं आणि माणूस रस्त्याच्या मधोमध पडतो.

पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकाला लागून तीच काळी माती डांबरावर येते. वर भुरभुर पाऊस पडला की साबण लावल्यासारखं. आणि दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन वाळत घातलेलं असतं अर्ध्या रस्त्यात. शेतकऱ्याला तरी काय बोलणार, त्याच्याकडे खळं कुठं उरलंय? पण दाण्यावरून छोटं चाक कसं सरकतं ते ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत.

या रस्त्यावर स्कूटरवर कोण असतं ते एकदा सकाळी नऊ वाजता उभं राहून पाहा. शाळेवर निघालेल्या शिक्षिका. कॉलेजच्या मुली, एका गाडीवर दोघी. बँकेतला शिपाई. दोन कॅन लटकवलेला दूधवाला. एक आशाताई मला दुसरबीडच्या अलीकडे चहाच्या टपरीवर भेटल्या, गाडीला लसीचा डबा बांधलेला. मी सवयीनं म्हटलं, "ताई, कडेनं जात जा." त्या म्हणाल्या, "भाऊ, ट्रक मागून हॉर्न मारते, मंग खाली उतराव लागते. पण खाली उतरावं तर कुठं? तुमीच दाखवा जागा." मला दाखवता आली नाही.

२०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची. हा केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचाच आकडा आहे. हेल्मेट घाला, हे मीही म्हणतो, घालतोही. पण पायरीवरून पडणाऱ्या माणसाला हेल्मेट पडण्यापासून वाचवत नाही.

समृद्धी झाल्यावर इथल्या कार कमी झाल्या. ढाबेवाल्यांचं कंबरडं मोडलं, त्यावर स्वतंत्र लिहीन. स्कूटरवाल्यांचं मात्र उलटं होऊ शकलं असतं. लांबची गर्दी वर गेली, तर खालचा रस्ता गावच्या माणसांसाठी नीट करायची हीच वेळ होती. मागणी फार मोठी नाहीये. साइडपट्टीवर मुरूम टाकून दाबा, डांबराच्या पातळीला आणा, पांढरा पट्टा मारा. आणि पावसाळा संपला की दरवर्षी पुन्हा करा, कारण काळी माती आहे, ती खचणारच. यासाठी जागा घ्यावी लागत नाही की मोजणी लागत नाही.

विचारायला गेलं तर एक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतं. तोंडी उत्तर घेऊन मी चार वेळा परत आलोय. आता लेखी अर्ज करतोय, सोबत मोजमाप जोडून.

१२ जानेवारीला जिजाऊ जयंतीला सिंदखेडराजात हजारो दुचाकी याच रस्त्यानं येतात. त्याच्या आधी अर्ज पोचवायचा आहे. ज्यांच्या गावाजवळ साइडपट्टी खचली आहे त्यांनी फोटो पाठवा. गावाचं नाव आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडाचा आकडा टाका. फोटोत पट्टी उभी धरा, इंच दिसले पाहिजेत. नुसता खड्ड्याचा फोटो नको, तो बघायची साहेबांना सवय झालीये.